घोटभर पाण्यावर इसबगोल

मी नांदेडचा आणि माझी सासुरवाडी लातूरची. लग्न ठरलं तेव्हाच मित्र म्हणाले होते, जाताना पाणी घेऊन जा. मला तो विनोद वाटला. पहिल्या सणाला सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी पाणी आणून दिलं, एकच गिलास, तोही अर्धाच. मी पिऊन आणखी मागितलं. घरातले माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी सासूबाईंच्या पाटल्या मागितल्या.

"जावई गोदावरीकाठचे हायेत," सासरे आत सांगायला गेले. "त्यांना वाटतंय, पाणी नदीतून येतंय."

लातुरात पाणी नळाला येतं आणि नळाच्या मनात येईल तेव्हा येतं. मधले दिवस निळ्या ड्रमांवर काढायचे. त्यातून सासरे निवृत्त झालेले पाटबंधारे खात्यातून. सगळी नोकरी कोरड्या कालव्यांचे नकाशे रंगवण्यात गेली. उरलेली हौस ते घरातल्या ड्रमांवर भागवत. भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. संडासात कोण किती पाणी ओततंय, यावर त्यांचा कान असे. त्यामुळे त्या घरात माणसं कमी पीत आणि लागली तरी दाबून धरत. नळ आला की घरदार एकदम मोकळं.

व्हायचं तेच झालं. सासऱ्यांचा कोठा जड झाला, शौचाला होईना. गेल्या संक्रांतीनंतर डॉक्टरांनी इसबगोल लिहून दिलं. भरल्या गिलासात ढवळा, लगेच प्या आणि वर आणखी एक गिलास पाणी प्या, असं बजावलंही. औशाच्या एका लग्नासाठी मी तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो, म्हणून पुढचं नाटक पहिल्या रांगेतून पाहिलं. सासऱ्यांनी चमचाभर कोरडा भुसा तोंडात टाकला आणि वर दोन घोट घेतले. मी म्हटलं, अहो, गिलास भरून घ्या.

"भुशाला कशापायी येवढं पाणी? म्हशीला भुसा टाकल्यावर कोण बादली ओततंय?"

"आंबोण भिजवूनच देतेत की," सासूबाई आतून म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गुण येईना, म्हणून एका चमच्याचे दोन झाले. पाणी तेवढंच. मग शेजारच्या मास्तरांनी मोठ्या मनाने आपल्या जुलाबाच्या गोळ्या दिल्या, त्याही पोटात गेल्या. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कळा येऊ लागल्या तर सासरे खूश, औषध लागू पडलं म्हणाले. जेवण बंद झालं, वारा सरेना, आणि मग भडाभडा उलटी झाली. त्या अवस्थेतही त्यांनी फर्मावलं, फरशी पुसा, धुऊ नका.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने एक्स-रे काढला, पोट चाचपलं आणि आधी आम्हाला झापलं. पोट दुखतंय, उलटी होतेय, वारा सरत नाही, अशा वेळी जुलाबाचं कुठलंच औषध द्यायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो, आणि शेजाऱ्याच्या गोळ्या तर कधीच घ्यायच्या नसतात. मग ती सासऱ्यांकडे वळली.

"आजोबा, हा भुसा पाणी पिऊन मऊ होतो, मगच पुढे सरकतो. तुम्ही त्याला पाणीच दिलं नाहीत. आत घट्ट गोळा होऊन बसलाय. एनिमाने सुटला तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल."

नाकात नळी, हाताला सलाईन. सासरे त्या टांगलेल्या बाटल्यांकडे बघत होते. "येवढं पाणी येकट्याला?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. मला हसू आलं, पण ते मी दाबलं, कारण बायको दाराबाहेर रडत होती.

दुसऱ्या दिवशी गोळा सुटला. आनंदाने आम्ही संडासाकडे धावलो, तर तिथला नळ कोरडा. बायकोने खालच्या दुकानातून सीलबंद बाटल्या आणल्या. जीव वाचल्याचा सोहळा आम्ही विकतच्या शुद्ध पाण्याने धुऊन साजरा केला.

पाडव्याला गेलो तेव्हा सासरे भरल्या गिलासात भुसा ढवळत होते. गटागट प्याले, वर दुसरा गिलास रिचवला आणि सुधारल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. पण ड्रम तेवढेच होते आणि नळाचा लहरीपणाही तोच. हे वाढीव पाणी आलं कुठून?

स्वयंपाकघरात गेलो. ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या सासूबाईंनी त्याच डब्यातला चमचाभर भुसा तोंडात टाकला आणि वर दोन घोट घेतले. मी काही बोलायच्या आत त्या वळल्या.

"भरून घ्यायचं डॉक्टरीणबाईनं ह्यांना सांगितलंय, जावईबापू. मला कुणी सांगितलंय?"

मी ड्रमचं झाकण उघडलं, गिलास काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"झाकण कोण उघडलं?" बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

सासूबाईंनी अर्धा गिलास पाणी हळूच परत ड्रममध्ये ओतलं आणि झाकण लावलं.