पोरगी दारू बाटवते

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट आहे. मळीपासून मद्यार्क तयार करायचा आणि मग त्यातला बराचसा मुद्दाम बिघडवायचा, हे आमचं काम. रंग, थिनर, पॉलिश करणाऱ्यांकडे जाणारा मद्यार्क कुणाला पिता येऊ नये, असा सरकारी नियम आहे. म्हणून त्यात एक पांढरी पूड मिसळतात, कडू जहर. मिसळताना उत्पादन शुल्कचे साहेब समोर उभे असतात आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय टाकीचं कुलूप निघत नाही. इतक्या देखरेखीखाली बिघडवलेली दुसरी वस्तू बीड जिल्ह्यात सापडणार नाही, रस्ते सोडले तर.

या क्रियेला कागदावर भारदस्त नाव आहे, पण कारखान्यात ते कुणी घेत नाही. सगळे म्हणतात, बाटवणे. "म्याडम, आज किती बाटवायची हाय?" असं कामगार सकाळी सकाळी विचारतात. मलाही तो शब्द पटतो. एकदा बाटली की तिला पुन्हा पंगतीत जागा नाही.

याच शब्दाने माझं एक जुळत आलेलं लग्न मोडलं. आमचं घर दिंद्रुडला. बघायला आलेल्या पाहुण्यांना शेजारच्या काकूंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "पोरगी दारू बाटवती." पाहुण्यांनी ऐकलं, "पोरगी दारू वाटती." चहा तसाच ठेवून मंडळी उठली. वडील त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावले, "अवो, वाटत न्हाई, बाटवती!" असं ओरडत. जे चार घरांना माहीत नव्हतं ते अख्ख्या गल्लीला कळलं.

त्यानंतर जो येई तो एकच विचारी, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? मी नाही म्हणायची आणि आईचा चेहरा उतरायचा. मला लग्न नको होतं असं नाही. नोकरी सोडून नको होतं.

मग आष्टीकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. वडील वारलेले, सगळा कारभार आईच्या हातात. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि तो मला आवडला होता, पण हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यामुळे या वेळी स्थळ मोडायला नको होतं. "कामाचं नाव काढू नको," वडिलांनी बजावलं. "साखर कारखाना म्हण. आन् गप बस."

नेमका पाहुणे बघायला यायच्या दिवशीच मद्यार्क बाटवून टँकर भरायचा होता. रजा मिळाली नाही. सकाळची पाळी उरकून मी धावतपळत घरी आले, साबणाने हात धुतले आणि कांदा चिरायला बसले. माझा हातमोजा बोटाशी फाटला होता, हे मला कळलंच नव्हतं. त्या पुडीला ना रंग ना वास, आणि ती हातावरून सहजी जात नाही. पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर मी हौसेने, स्वतःच्या हाताने पेरली.

मुलगा, त्याची आई आणि मामा येऊन बसले. पहिला घास मामांनी घेतला आणि ते जागच्या जागी थांबले. थुंकावं तर पाहुणे, गिळावं तर जिवावर आलेलं. मुलाने घास गिळला आणि घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. त्याच्या कडेलाही माझीच बोटं लागली होती. बिचारा आणखीच कडवट झाला.

"का रं, कडुलिंब घातला का काय पोह्यात?" मामा भाच्याला म्हणाले.

"कडीपत्ता असंल," वडील म्हणाले. "औंदा लई कडू हाय."

मी माझं बोट जिभेला लावून पाहिलं आणि सगळं समजलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी डिस्टिलरी, टाकी, पूड, फाटका हातमोजा असं सगळं सांगून टाकलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "आन् हे टाकल्यावर कुनी पेत न्हाई?"

"पिताच येत नाही. तोंडात धरवत नाही."

त्यांनी बशीतले चार पोहे पुन्हा उचलले आणि जिभेवर ठेवले. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी ते थुंकले नाहीत.

"आमच्या मालकानं पॉलिशचं स्पिरिट पेलं हुतं," त्या म्हणाल्या. "फर्निचरच्या दुकानातलं, दोस्ताच्या नादानं. सकाळी दिसंना झालं, सांजच्याला गेले. तवा त्यात असलं काई नसंल. असं कडू असतं तर थुकले असते."

इतके दिवस मी टाक्या बाटवत होते, पण नियम म्हणजे माझ्यासाठी साहेबांची डोलणारी मान, तेवढंच. पलीकडे कुणी पेला तोंडाला लावणारा असेल, त्याची बायको घरी वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"पोरी, लग्नानंतर नोकरी..." त्यांनी विचारायला सुरुवात केली. माझ्या आईने पदर तोंडाला लावला.

"...सोडणार तर न्हाईस ना?"

"नाही सोडणार," मी म्हणाले. मुलगा हसला, कडू तोंडानेच.

"मग तोंड गोड करा," त्या आईकडे वळून म्हणाल्या. "पर साखर तुमी वाटा. हिला हात लावू देऊ नका."