उभ्या मोटारसायकलचा अपघात

एकोणीसशे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, सोनईजवळच्या एका गावी, कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलला एका जीपने मागे येताना धडक दिली. वेळ सकाळची होती. मोटारसायकलवर कोणी नव्हते. (गावाचे नाव देत नाही. तिथे आमचे नातेवाईक अजून राहतात आणि दूध घालतात.)

मोटारसायकल माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, होती. मामा कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होते. वाड्या-वस्त्यांवर जाऊन गाई-म्हशींना सुया टोचणे हे त्यांचे काम. तीन मुली उजवल्या तेव्हाही त्यांचा चेहरा हलला नव्हता, असे सांगतात. नोंदवून ठेवलेल्या मोटारसायकलचा नंबर लागला तेव्हा मात्र त्यांनी पेढे वाटले. ती गाडी त्यांनी मला दोन दिवसांसाठी दिली, याचे कारण मी नव्हतो. त्यांची मुलगी विमल मागच्या सीटवर बसणार होती आणि मावशीच्या गावच्या जत्रेला तिला एस.टी.तून उभ्याने जावे लागू नये, एवढाच हेतू.

किल्ली देताना मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पेपरात काम करता. सायकलसुद्धा चालवताना बातमीचा विचार करता. गाडीला काही झालं, तर मी समजेन की तुम्ही चालवत होता."

"आणि उभी असताना झालं तर?"

"उभ्या गाडीला काय होतंय?"

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळाले. मागचा मडगार्ड चाकाला चिकटला होता, हँडल सोनईकडे आणि चाक नेवाशाकडे वळले होते आणि दिव्याची काच कडुनिंबाच्या पारावर पसरली होती. जीप गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमनची होती. चेअरमन आत बसलेले होते. ड्रायव्हर गुलाब खाली उतरला, त्याने मोटारसायकलकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि जाब विचारला, "ही फटफटी मधी कशी आली?"

"आली नाही. कालपासून इथेच उभी आहे."

"म्या मागं बघितलं तवा न्हवती."

"तिच्यावर माणूस तरी होता का?"

"त्येच म्हंतो मी! मानूस न्हाई अन् गाडी येती. लई डेंजर काम हाय हे."

चेअरमन जीपमधूनच हसले. मला नमस्कार केला. "तात्यांचे जावई ना तुमी? पेपरवाले? या संध्याकाळी जत्रंला," असे म्हणून निघून गेले.

मला भरपाई नको होती. मला एक वाक्य हवे होते. 'गाडी उभी होती' हे वाक्य चार माणसांत कोणीतरी उच्चारावे आणि ते मामांच्या कानावर जावे, एवढेच. साक्षीदार घरातच होता. विमलच्या मावशीचे यजमान, तात्या, त्या वेळी ओट्यावर बसून न्हाव्याकडून दाढी करून घेत होते आणि त्यांचे तोंड नेमके कडुनिंबाकडे होते.

"तात्या, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाह्यलं की. डोळ्यानं पाह्यलं."

"मग मामांना तेवढं सांगाल?"

तात्यांनी गालावरचा उरलेला साबण पुसला. "जावईबापू, माझ्या दोन म्हशीचं दूध कुठं जातं?"

"सोसायटीत."

"डिग्री कोन लावतं?"

दुधात पाणी किती, हे सोसायटीत काचेची नळी बुडवून पाहत. त्या आकड्याला डिग्री म्हणत. नळी चेअरमनच्या भाच्याच्या हातात असे.

"आज मी बोललो, तर उद्यापासून माझ्या म्हशी पानीच देत्याल," तात्या म्हणाले. "तुमी एक करा. संध्याकाळी जत्रंला जा, पन नारळ हातात घेऊ नका. काय बी झालं तरी नारळ घ्यायचा न्हाई."

मग त्यांनी गावची पद्धत समजावून सांगितली. चेअरमनच्या हातून कोणाचे नुकसान झाले, की चेअरमन त्या माणसाचा सत्कार करीत. मागच्या साली त्यांच्या बैलांनी एकाचा हरभरा रातोरात साफ केला. तो माणूस आदर्श शेतकरी ठरला. त्यांच्या विहिरीच्या सुरुंगाने एकाचे छप्पर उडाले; त्याला समाजभूषण करण्यात आले. गावात अशी सत्कारमूर्तींची एक आळीच तयार झाली होती. नारळ हातात आला की तक्रार मिटली, असे समजत. ज्या माणसाने भर जत्रेत नारळ घेतला, त्याला दुसऱ्या दिवशी तोंड उघडायला जागा राहत नसे.

मी नारळ न घेण्याचा निश्चय करून गेलो.

दिवस मावळायच्या आत मंडपात सत्कार सुरू झाला. कर्णा होता, सतरंजी होती, सगळा गाव होता. माझे नाव पुकारले. मी उठलो, ते खुलासा करण्यासाठी. पण शाल आधी आली! शाल खांद्यावर टाकताना ती सावरायला हात आपोआप पुढे येतात आणि तेवढ्यात त्या हातांत नारळ ठेवला जातो. या कामात चेअरमनचा हात एखाद्या सर्जनसारखा तयार होता. टाळ्या पडल्या तेव्हा नारळ माझ्याकडे होता. समोर बसलेल्या तात्यांनी कपाळाला हात लावला.

पहिले भाषण चेअरमनचे. "आपल्या गावचे जावई, थोर पत्रकार, फटफटीवरनं भरधाव येत हुते. समोर आपली जीप. दुसरा कुनी असता तर आज आपन इथं बसलो नसतो! पन काय ते ब्रेक!"

दुसरे भाषण सरपंचांचे. जत्रेच्या मंडपात चेअरमनपेक्षा कमी बोलणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी रस्त्यात एक वासरू आणले. मुके जनावर, चुकलेले, आईच्या शोधात निघालेले. बायकांत हळहळ झाली.

तिसरे पोलीस पाटील. त्यांनी वासराच्या डोळ्यांतले पाणी सांगितले आणि त्या वासराचा जीव वाचवण्यासाठी जावयांनी लाखमोलाची गाडी कडुनिंबावर कशी घातली, हे हातवारे करून दाखवले. तिसऱ्या भाषणाच्या अखेरीस जीप गावातून नाहीशी झालेली होती.

मग मला बोलायला सांगितले. मी वस्तुस्थितीला धरून बोलायचे ठरवले.

"मी विशेष काही केलेले नाही," मी म्हणालो.

टाळ्या!

"खरे तर मी काहीच केलेले नाही. मी त्या वेळी घरात चहा पीत होतो."

"बगा, बगा, किती साधा मानूस!" मागून कोणीतरी ओरडले. टाळ्या वाढल्या.

"गाडी उभी होती!"

मंडप उठून उभा राहिला. एका आजीबाईंनी पुढे येऊन माझ्यावरून बोटे मोडली. मी आभार मानून खाली बसलो.

घरी येताना विमलने शालीची घडी घातली. मग म्हणाली, "अहो, खरं सांगा. वासरू होतं का हो?"

"विमल! सकाळी तू घरातच होतीस ना?"

"मी आत पुरण वाटत होते. मला काय दिसतंय? तीन-तीन माणसं सांगतात म्हणजे काहीतरी असेलच ना."

मोटारसायकल तात्यांच्या गोठ्यात ठेवून आम्ही एस.टी.ने नगरला परतलो. मामांना काय सांगायचे याची जुळवाजुळव मी प्रवासभर केली. ती करण्याचे कारण उरले नाही. दोन दिवसांनी मी कचेरीत माझ्या टेबलावर बसलो असता, सोनई भागाच्या वार्ताहराकडून आलेले पाकीट माझ्यापुढे ठेवण्यात आले. (वार्ताहर चेअरमनचा दुसरा भाचा होता.) वासरू वाचवताना पत्रकार गंभीर जखमी, अशी ती बातमी होती.

आमच्या संपादकांचा एक नियम होता आणि तो मला पाठ होता. बातमीला दोन जबाबदार माणसांचा दुजोरा हवा; ज्याचा घटनेशी संबंध आहे, त्याचे म्हणणे दुजोरा म्हणून धरायचे नाही. या नियमावर मी अनेक वार्ताहरांना फैलावर घेतले होते. मी बातमी नियमाला लावून पाहिली. बाजूने चेअरमन, सरपंच आणि पोलीस पाटील. विरुद्ध बाजूने एकच इसम, आणि त्याचा घटनेशी थेट संबंध! तात्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

तरीही मी संपादकांच्या खोलीत गेलो. "साहेब, ही बातमी खोटी आहे."

"कोण म्हणतं?"

"मी."

"म्हणजे तो जखमी तूच ना? मग तुझं कसं धरायचं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "आणि सत्कार घेतलास ना?"

"नारळ घेतला."

"मग!"

मी टेबलावर परतलो. 'गंभीर' या शब्दाला मी समक्ष पाहणी करून आक्षेप घेतला आणि 'किरकोळ' केले. 'शूर' हे विशेषण कापले. बाकी बातमी सोडली.

ती छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा कर्जतहून पहिल्या गाडीने आले. हातात अंक होता. दारातूनच त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले, जसे ते बाजारात बैल न्याहाळत.

"कुठं लागलंय?"

"कुठंच नाही, मामा. गाडी उभी होती. मागून जीप आली."

"यात जीप कुठाय?" त्यांनी अंक पुढे केला.

"नाहीये."

"वासरू आहे."

"आहे. पण ते नव्हतं."

"म्हणजे पेपर खोटा?"

विमल चहा घेऊन दारात उभी होती. घरमालक जिन्यात उभे होते. ज्या पेपरवर माझे घर चालत होते आणि जो खरा असतो असे मी लग्नाच्या बोलणीत याच मामांना छातीठोकपणे सांगितले होते, तो त्यांच्या हातात होता.

"पेपर खोटा नाही," मी म्हणालो.

"बास," मामा म्हणाले. "चला, गाडी आणू."

आम्ही तिघे गावी गेलो. चेअरमनने गाडी सोसायटीच्या खर्चाने आधीच सरळ करून ठेवली होती. मडगार्ड ठोकला होता, काच नवी बसवली होती. गाडी मूळच्यापेक्षा बरी दिसत होती. ती दाखवायला चेअरमन गुलाबसह जीप घेऊन जातीने आले होते. मामांनी ती चालू करून पाहिली, बंद केली आणि म्हणाले, "आता वासरू दाखवा."

गुलाब ड्रायव्हर चेअरमनकडे पाहू लागला. चेअरमन आकाशाकडे पाहू लागले.

"जनावराला आतून मार लागला असंल तर बाहेर दिसत न्हाई," मामा म्हणाले. "मी बघितल्याशिवाय जानार न्हाई."

ज्या गावाने तीन भाषणांत वासरू उभे केले, त्याला ते जमिनीवर उभे करायला वेळ लागला नाही. गुलाब गेला आणि एक गोऱ्हा ओढत घेऊन आला. तो तात्यांचा होता. माझ्या कमरेपेक्षा उंच, शिंगे फुटलेला आणि स्वतःच्या रक्षणास समर्थ असा. मामांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, डोळ्यांच्या पापण्या उलट्या केल्या, कानात पाहिले. "काय झालेलं न्हाई. वाचलं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

चेअरमनने पुढे होऊन गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवला. "जीव ज्यानं वाचवला, त्याचंच ते! जावईबापू, घेऊन जा. गावाकडनं भेट."

"अहो, पण ते तात्यांचं आहे!"

"तात्या दानशूर हाईत," चेअरमन म्हणाले आणि खिशातून रुमाल काढावा इतक्या सहज गुलाबने जीपमधून नारळ काढला. शाल तात्यांच्या खांद्यावर पडली. तात्यांचे हात पुढे आले.

मी तात्यांना बाजूला घेतले. "गोऱ्हा इथंच राहू द्या. मी नेत नाही."

"न्या, न्या!" तात्या कुजबुजले. डोळे भरलेले होते. "दान दिल्यालं जनावर माझ्या गोठ्यात दिसलं, तर उद्या डिग्री कुठं जाईल? न्या लवकर. उन्हात पळवू नका त्याला. पेंड आवडती."

राहिला प्रश्न मोटारसायकलचा. मी किल्लीसाठी हात पुढे केला. मामांनी किल्ली खिशात घातली.

"जावईबापू, तुमचं मन मोठं हाय. पन वासरासाठी गाडी झाडावर घालनाऱ्या मानसाला वासरू द्यावं. गाडी देऊ नये."

एस.टी.च्या कंडक्टरने गोऱ्ह्याला गाडीत घेण्यास नकार दिला. विमल मामांच्या मागे मोटारसायकलवर बसून दुपारी नगरला पोहोचली. मी आणि गोऱ्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो.