हळद लावली नि पंपाची गळती घावली

बायांनो, आज उद्यमबागेत, त्या कारखान्यांच्या वस्तीत, नातीच्या शेडात गेलते. ती तिथं दोन माणसं बसून उडतील असं इमान स्वतः बांधतेय. तेलाच्या दाबानं चाकं खालीवर करणारा पंप गळत होता, पण कुठनं ते घावंना. चाकं खाली आलीच न्हाईत तर इमान उतरणार कसं?

ती चहा सांगाय गेली, तिथला चहा लई गोड असतोय. तवर मी पंपाच्या सगळ्या जोडांना हळदीकुंकू लावलं.

"आज्जी, हळद आत गेली की पंप बिघडतोय गं!" परत आल्या आल्या नात ओरडली. पुसाय वाकली नि थांबली. एका जोडावरची हळद तेलानं भिजलेली.

सगळं पुसून तिथली रबराची रिंग बदलली. टेकूवरच्या इमानाची चाकं तीनदा आत गेली, तीनदा खाली आली.

"चाचणी झाली की बसशील माझ्यासंगं?"

मी लगेच व्हय म्हटलं. तुम्ही बसला असता का गं?