पेन्सिलीच्या दोन गोलांतला विषाणू

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वडिलांची शेती सेनगावकडच्या साखरा गावात. हळदीवर करपा आला की रांगाच्या रांगा वाळतात, पण मधेच एखादं रोप हिरवंगार उभं असतं. त्याला काय वाचवतं, ते मला शोधायचं होतं. त्यासाठी रोपातलं एकेक जनुक बंद करून बघावं लागतं, आणि बंद होण्याचा निरोप पानापानांत पोचवायला एक सौम्य केलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात. असा वाहक आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत बनवायचा तर वर्ष गेलं असतं. दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक बाईंकडे तो तयार होता. मी भीतभीतच मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: जैवसुरक्षा समितीची परवानगी पाठवा, टपालाने देते.

परवानगी मिळाली, ती पाठवली आणि मी रोज ऑफिसात डोकावू लागले. एकदा आमचे क्लार्क म्हणाले, "मॅडम, तुमचं पाकीट आलतं. पण पाठवणारीनं पत्रच टाकलं न्हाई. कोरा कागद हाय नुसता."

"कुठंय तो?"

"फायलीला लावला. आवकचा शिक्का मारून."

मी फाईल ओढूनच घेतली. जाडसर टिपकागदावर पेन्सिलीने काढलेले दोन गोल होते. वाहकाचा डीएनए त्या गोलांत सुकवलेला होता. शिक्क्याची जांभळी शाई एका गोलापासून बोटभर अंतरावर थांबली होती.

"काय हाय मग यात?"

"विषाणू बनवायची सामग्री."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "तकलीफ व्हईल का?"

"माणसाला नाही होत. झाडाचा आहे."

तरीही ते साबणाने हात धुऊन आले.

त्याच दुपारी गोल कापून थेंबभर पाण्यात भिजवले. मग तो डीएनए जिवाणूंत घालून ते वाढवले; एकेक पायरी जमत गेली, तशी माझी झोप कमी होत गेली. शेवटी, हळदीआधी वाहक तपासून बघायला, बंद खोलीत वाढवलेल्या तंबाखूच्या रोपांना, सुई नसलेल्या सिरिंजने, पानाखालून त्या जिवाणूंचं द्रावण दिलं. चाचणी सोपी होती. पान हिरवं ठेवणारं जनुक बंद पडलं, तर नवं पान पांढरं यायला हवं.

दोन आठवडे काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी शेंड्याचं पान शिरांच्या कडेने दुधासारखं पांढरं दिसलं. शेजारचंही तसंच. मी एकटीच खोलीत हसत उभी राहिले.

वडील त्या दिवशी हळद घेऊन मार्केटला आले होते. त्यांना बोलावून काचेतून रोपं दाखवली आणि हातावर पेढा ठेवला. काचेला नाक लावून त्यांनी ती निरखली.

"माझ्या वावरात असं पान पडलं आस्तं, तर म्या डोक्याला हात लावला आस्ता. तू काहून पेढे वाटून राहिली, माय?"

मी सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "हळदीत बी असंच व्हतं का?"

"माहीत नाही, बाबा. आता तेच करायचंय."

पेढा तसाच हातात धरून ते म्हणाले, "मंग करप्यातून वाचलेल्या झाडाचं बेणं लागंल तुला."

दोन दिवसांनी सेनगावच्या जीपमधून एक पोतडी आली. आत ओल्या मातीसकट कंद होते, आणि प्रत्येकाला चिंधी बांधून त्यावर वडिलांनी रांगेचा आकडा लिहिला होता.