पोकलेनच्या इंजिनातलं पाचट

पुण्यात खराडीला पहिल्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा मी तिथल्या एका साइटवर सेफ्टी सुपरवायझर होतो. अमरावतीहून डिप्लोमा करून आलेला, चोवीस वर्षांचा. खोलीवरचे दोघे मित्र सॉफ्टवेअरमध्ये लागले होते. त्यांच्यासारखे लोक उद्या जिथे बसणार, तिथला खड्डा मी सांभाळत होतो. पहिल्याच दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले होते, "इथे कुणावर विश्वास टाकायचा नाही." ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

खड्डा खणणाऱ्या पोकलेनवर जवळच्या मांजरी गावचे एक ऑपरेटर होते. पन्नाशीचे, अबोल. सगळे त्यांना काका म्हणत. दुपारी सगळे जेवायला पत्र्याच्या शेडकडे गेले की काका मशीन बंद करत, थोडा वेळ ते गार होऊ देत आणि मग मागचं झाकण उघडून आत वाकत. बाहेर येत ते हातात पोतं घेऊन. जवळ कुणी फिरकलं तर "लांब व्हा" म्हणून खेकसत. पोतं घेऊन ते गेटबाहेर जात आणि रिकाम्या हाताने परत येत.

डिझेल चोरतायत, असं मी ठरवून टाकलं. चार दिवस मुरुमाच्या ढिगाआडून पाळत ठेवली. त्यांच्या शर्टाला तेलाचा वास येतो, हाही मला पुरावा वाटला. ऑपरेटरच्या शर्टाला दुसरा कसला वास येणार, हे काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी मी त्यांना गेटवरच अडवलं.

"काका, पोतं उघडा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पोतं माझ्या पायाशी उपडं केलं. उसाचं वाळकं पाचट आणि तेलानं माखलेल्या चिंध्या.

"शेजारच्या फडातलं पाचट उडून इंजिनात बसतंय," ते म्हणाले. "तिथंच तेलाचा पाइप गळतोय, सायलेन्सरच्या अंगाला. रोज काढलं न्हाई तर पेटंल. हापिसात दोनदा सांगून झालंय."

"मग बाहेर कशाला नेता?"

"हितं टाकलं तर कुणीतरी त्यावर विडी फेकंल, साहेब."

उत्तर चोख होतं. इतकं चोख, की मला ते आधीच तयार करून ठेवलेलं वाटलं. आज पाचट असेल, काल डिझेल नसेल कशावरून? मी मॅनेजरांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी काकांना डंपरना वाट दाखवायला गेटवर बसवलं आणि पोकलेनवर नवा ऑपरेटर आला. गळक्या पाइपबद्दल मी कुणालाच बोललो नाही. चोराचं बोलणं कशाला खरं धरायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोकलेनच्या मागून धूर निघाला. आधी पांढरा, मग काळा. नव्या ऑपरेटरने इंजिन बंद केलं आणि उडी मारून तो पळाला. मुरुमाने भरलेली बकेट तशीच वर लटकत राहिली. मी आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावलो. सगळ्यात जवळची वाट बकेटखालून होती, तिथूनच मी घुसलो.

"बकेटखाली जाऊ नका! मागं फिरा!"

काकांचा आवाज ऐकूनही मी थांबलो नाही. पुढच्या क्षणी माझी कॉलर मागे ओढली गेली आणि मी पाठीवर पडलो. वर कुठेतरी जळका पाइप फुटला. गरम तेल फवारलं आणि त्या तेलाच्या दाबावर तोललेली अख्खी लोखंडी भुजा बकेटसकट खाली आली. माझ्या पायांपासून दोन हातांवर. जमीन हादरलेली मला पाठीत जाणवली.

काकांनी सिलिंडर उचलला, वाऱ्याच्या बाजूने वळसा घातला आणि ज्वाळांच्या बुडाशी मारा केला. पाण्याचा पाइप घेऊन धावलेल्या गवंड्याला ओरडून थांबवलं, "तेल हाय ते, पाणी नको! मुरूम टाका!" दहा-बारा जणांनी घमेल्यांनी मुरूम ओतला. आग विझली. माणूस कुणी भाजला नाही.

संध्याकाळी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गेटवरचा माणूस इतक्या लवकर पोचला कसा? त्यानेच काही केलं नसेल ना? मशीनवरून काढल्याचा राग."

खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं. ज्याने काही तासांपूर्वी मला ओढून वाचवलं, त्याच्याबद्दल. तेव्हा मला माझीच किळस आली.

"सर, पाइप गळतोय हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी दाबून ठेवलं."

"हे रिपोर्टात लिहायचं नाही."

मी लिहिलं. काकांनी ऑफिसला दोनदा सांगितलं होतं, हेही लिहिलं. महिन्याभरात माझी हडपसरच्या साइटवर बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुरुस्तीनंतर काका पुन्हा मशीनवर बसले, एवढं मात्र झालं.

निघायच्या दिवशी मी त्यांची माफी मागितली.

"तुम्ही पोतं उघडाय लावलं, त्याचं काय वाटलं न्हाई," ते म्हणाले. "ते तुमचं कामच हाय. पण आत काय गळतंय ते वाकून बघितलं न्हाई तुम्ही. मी सांगूनबी."

त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि आम्ही दोघे शेडखाली जेवलो.