भावी डॉक्टर

बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी संध्याकाळी राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात चौकात डिजिटल बोर्ड चढला. 'कु. दीक्षा यल्लाप्पा कांबळे, भावी डॉक्टर, हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यात मंडळाचे अध्यक्ष केरबाकाका दीक्षापेक्षा मोठे दिसत होते. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दीक्षाला बीएस्सी ॲग्री करायचं होतं. दोन वर्षांमागं करपा रोगानं घरचं भात गेलं, तेव्हा पाहणीला आलेल्या कृषी अधिकारी बाईंनी पानावरचे डाग दाखवून तिला सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून तिचं ठरलेलं होतं. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाच्या यादीत आता तिचं नावही लागलं.

"ॲग्री?" केरबाकाका सोप्यातच ओरडले. "अगं, आपली माणसं जन्मभर दुसऱ्याच्या चिखलात राबली की! आता डिग्री घिऊन परत चिखलात जातीस व्हय?"

"काका, मी अधिकारी हुईन. एमपीएससी देणार हाय."

"जीप मिळंल, पर जीपबी चिखलातच जाणार न्हवं? बोर्ड वाचलास का न्हाय?"

नीटच्या परीक्षेत एमबीबीएसला पुरतील इतके गुण नव्हते. काकांना त्याची फिकीर नव्हती. "होमिओपॅथीला नंबर लागतोय की. नावाम्होरं डॉक्टर आलं, झालं!"

दीक्षानं वडिलांकडं पाहिलं. शाळेत शिपाई असलेल्या यल्लाप्पांनी ॲग्रीच्या अर्जावर कौतुकानं सही केली होती. पण त्या आठवड्यात डेअरीत, एसटीत, पिठाच्या गिरणीत, भेटेल तो हात जोडून म्हणत होता, "डॉक्टरांचं वडील, या बसा."

काका गेल्यावर यल्लाप्पा हळूच म्हणाले, "खरं तुझंच हाय, बाळ. पर चौकातनं रोज जायाचं मला हाय."

ॲग्रीच्या प्रवेशाची मुदत संपली, त्या दिवशी दीक्षा होमिओपॅथी कॉलेजच्या रांगेत उभी होती. वडील शेजारीच होते.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तर आईनं, सोनूबाईनं, दारात स्टूल मांडून ठेवलेलं. शेजारच्या तानाबाईंनी बसताबसता पदर सावरून हात पुढं केला.

"काकी, मला अजून काय येत न्हाय. आत्ता कुठं हाडांची नावं पाठ करतोय."

"असू दे गं. धर तर! एवढी शिकलीस आणि शेजारणीचा हात धरंना झालीस व्हय?"

अंगणात आणखी तिघीजणी येऊन थांबल्या होत्या. दीक्षानं आईकडं पाहिलं. आई काही म्हणेल, हसून सगळ्यांना परत पाठवेल, असं तिला वाटलं. सोनूबाई उंबऱ्यात आली आणि त्या बायकांना आवाज खाली घ्यायची खूण करत म्हणाली,

"गप बसा जरा. डॉक्टर तपासायला लागल्यात."

दीक्षानं तानाबाईंचं मनगट धरलं.