कुमारिकांच्या पंगतीत

विद्यानगरातली भामा साड्यांना फॉल लावायची. बाजारात रोज नव्या नव्या साड्या येऊन पडायल्या होत्या, गल्लीत केबल टीव्ही आल्यापासून बायांना मालिकेतल्यासारख्या साड्या हव्या होत्या. तिच्या मशिनीला उसंत नव्हती. नवरा अप्पाराव कोठी बाजारात कापडाच्या दुकानावर कामाला. एकच लेकरू, तेजश्री. तिच्या डोक्यात गाठ निघाली. डाक्टरांनी कवटी उघडून ती काढली, वरून मशिनीखाली किरणांचा शेक दिला. पोर वाचली, केस उगवले, शाळा सुरू झाली. घरी आरडाओरडा करायची, पण दुखण्यात लाडावली म्हणून भामा सोडून द्यायची.

नवस होता, पोर उठली तर नवरात्रात कुमारिका जेवू घालीन.

गल्लीतल्या पोरी आल्या. भामानं एकेकीचे पाय धुतले, लेकीचे बी धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी वाढली. तेवढ्यात तेजश्रीनं शेजारच्या शर्वरीच्या गळ्याला मिठी मारली. सोडंचना. शर्वरी रडकुंडीला आली, तशी ही खदाखदा हसायली. मग शर्वरीच्याच ताटातली पोळी उचलून स्वतःच्या तोंडात कोंबली.

"नक्को ना गे!" शर्वरी ओरडली. "आंटी, शाळेत बी असंच करती. हिच्याजवळ कोणीच बसत नै. डबा बी एकलीच खाती."

भामाच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. 'कोणासंगं खेळलीस?' विचारलं की पोर रोज म्हणायची, 'शर्वरीसंगं.'

तिनं खाडकन लेकीच्या तोंडात मारली. त्याच हातानं तिनं आत्ताच लेकीचे पाय धुतले होते.

तेजश्री रडली नाही. गाल धरून विचारती, "आई, मी काय केलं?"

सोंग नव्हतं ते. पोरीला खरंच कळालं नव्हतं.

गाठ परत आली, ह्याच भ्यानं भामानं दवाखाना गाठला.

"गाठ नाही," डाक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गाठीनं अन् शेकानं मेंदूला इजा होते. काही लेकरांना मग समोरच्याचं तोंड बघून मन कळत नाही, स्वतःला आवरता येत नाही. मुद्दाम करत नाही ती. शिकवावं लागेल, सावकाश."

"मग आधी काऊन नै सांगितलं, अम्मा?" भामानं डाक्टरीणबाईंना विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. "पोर वाचवायच्याच घाईत होतो."

भामा शिकवायला लागली. आधी विचार, मग हात लाव. दिवाळीच्या तोंडावर शर्वरी आईची साडी न्यायला आली. तेजश्री धावली, अन् मधीच थांबली.

"हात धरू?"

शर्वरीनं साडी छातीशी धरली. "आज नक्को." निघाली, पण दारात जराशी रेंगाळली.

ती गेल्यावर भामानं विचारलं, "रागावली का गं ती?"

तेजश्री आईच्या तोंडाकडं बघतच राहिली. "मला नै कळलं. तू सांग."

"भिली होती," भामा म्हणाली. "पण पळाली नै."